पानथरी १९ सेंमी, मलेरिया निगेटिव्ह. पुढे काय करायचं?

सुरंगी
नमस्कार मंडळी, नेहमी वाचनमात्र असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. कुडाळजवळच्या गावात राहते. नवरा मुंबईला, घरी मी, मुलं, आई आणि आबा (सासरे, वय ६८). आबांचं जेवण पावसाळा लागल्यापासून कमी झालंय, दोन घास भात गेला की पोट भरलं म्हणून ताट सारतात. डाव्या कुशीला जड वाटतं. भजनात पखवाज वाजवायचे ते आता दोन अभंगांत दमतात. ताप नाही, वजन मात्र उतरलंय.

गावातल्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले पानथरी (प्लीहा) बेंबीपर्यंत आलीय. मलेरिया दोनदा तपासला, निगेटिव्ह. सोनोग्राफीत प्लीहा १९ सेंमी, लिव्हर ठीक, आणि प्लीहेच्या तोंडाशी दीड सेंमीची गोल गाठ, त्यापुढे "लिम्फ नोड?" असं प्रश्नचिन्हासकट लिहिलंय. रक्तात हिमोग्लोबिन ९.१, प्लेटलेट ८२ हजार, पांढऱ्या पेशी १३ हजार आणि त्यातल्या ७० टक्के लिम्फोसाइट. ज्या सर्जनना दाखवलं ते म्हणतात लिम्फोमा (लिम्फोसाइट पेशींचा कॅन्सर) असू शकतो, पानथरी काढूया, मग तीच तपासून कळेल काय आहे ते. आबा म्हणतात चतुर्थी होऊ दे मग बघू. मला काही सुचत नाहीये. कोणाच्या घरात असं झालंय का?

रातांबा
काळजी करू नका ताई. प्लेटलेटसाठी पपईच्या पानांचा रस सुरू करा सकाळ संध्याकाळ, आमच्याकडे डेंग्यूत सगळ्यांना दिला. आणि पानथरीवर पूर्वी डाग द्यायचे, आजही एक जण देतात, ओळखीचे आहेत.

जांभळी_टोपी
रातांबा, रागावू नका पण डाग वगैरे अजिबात नको. पपईचाही उपयोग नाही, कारण इथे प्लेटलेट बनायच्या थांबल्यात असं नाही, वाढलेल्या प्लीहेत त्या अडकून बसतात. (मॅरोत, म्हणजे रक्त बनतं त्या हाडातल्या मगजातही काही असेल तर ते वेगळं, ते पुढे लिहितो.) आणि सुरंगीताई, सगळ्यात आधी: आबांच्या पोटाला तेल लावून चोळणं, शेक, पट्टा बांधणं सगळं बंद. बाईकच्या मागे बसवून खड्ड्यांतून नेऊ नका. एवढी मोठी प्लीहा धक्क्याने फाटू शकते, आत रक्तस्राव होतो.

मी लॅबवाला आहे, पॅथॉलॉजीत आयुष्य गेलं, त्यामुळे औषध सांगणार नाही पण तपासण्यांबद्दल बोलतो. निरोगी माणसाची प्लीहा साधारण ११-१२ सेंमीची, वजन दीडदोनशे ग्रॅम, बरगडीखाली लपलेली, हाताला लागतच नाही. बेंबीपर्यंत आली म्हणजे ती कित्येक पट झालीय आणि हे बरेच महिने चाललंय. आपल्याकडे मोठी पानथरी म्हटलं की पहिला मलेरिया, ते बरोबरच आहे, पण निगेटिव्ह आल्यावर यादी मोठी आहे. पोर्टल शिरेचा दाब वाढलेला असतो (लिव्हर नॉर्मल दिसूनही असतो, त्यासाठी डॉपलर करतात), सीएमएल नावाचा ब्लड कॅन्सर, मायलोफायब्रोसिस (यात मॅरो घट्ट होत जातो), आणि मग लिम्फोमा. तुमच्या रिपोर्टमध्ये मला खटकतोय तो एकच आकडा, ७० टक्के लिम्फोसाइट. या वयात आणि ताप नसताना ते व्हायरलचं वाटत नाही. रक्तातच पेशी फिरतायत म्हणजे निदान रक्तातूनच व्हायची बरीच शक्यता आहे, त्यासाठी अख्खा अवयव काढायची गरज पडू नये.

उद्या सकाळी हे करा: पेरिफेरल स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब), आणि तो मशीनवर नाही, पॅथॉलॉजिस्टने स्वतः मायक्रोस्कोपखाली बघितलेला. त्यांना आवर्जून सांगा की प्लीहा १९ सेंमी आहे. हे सांगितलं नाही तर "लिम्फोसायटोसिस" एवढंच लिहून येतं.

देवबागचो_झील
माझ्या काकाक असाच झाला होता. आमी पयलो महिनो देवदेवस्कीत घालवलो, मगे बांबोळीक (गोव्याच्या मेडिकल कॉलेजात) घेवन गेलव. आता बरो आसा, होडी घेवन जाता. तुमी येळ घालवू नको.

खाडीकाठ
मी स्वतः प्लीहा काढलेला माणूस, दापोलीकडचा. २००९ साली ऑपरेशन झालं. तेव्हा माझ्या डॉक्टरांनी विचारपूर्वकच केलं, रक्तात आणि मॅरोत काही नक्की सापडत नव्हतं, सुईने बायोप्सी घ्यायची तर रक्तस्रावाची भीती, म्हणून काढली आणि त्यातून स्प्लेनिक मार्जिनल झोन लिम्फोमा असं नाव मिळालं. हा सावकाश चालणारा प्रकार. प्लेटलेट आठवड्याभरात वर आल्या, जेवण सुधारलं, आज इतकी वर्षं झाली, औषध काही नाही, वर्षातून एकदोनदा रक्त तपासतो.

पण फुकट काहीच मिळत नाही. प्लीहा नसली की काही जंतूंपुढे आपण उघडे पडतो, न्यूमोकोकस मुख्य. ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी लशी घ्यायला लागतात: न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस जंतूची). तरीही आयुष्यभर नियम एकच, ताप आला की वाट बघायची नाही. मला दोन वर्षांनी ऐन लावणीत थंडी वाजून ताप आला, बायकोने तासाभरात गाडीत घातलं, हॉस्पिटलात पोचेपर्यंत बीपी खाली गेलं होतं. वाचलो कारण तिने पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबवलं नाही. घरात अँटिबायोटिकचा डोस कायम असतो, पाकिटात चिठ्ठी असते "प्लीहा काढलेली आहे" अशी. आणि आपल्या पट्ट्यात मलेरिया हा वेगळा मुद्दा आहे, प्लीहा नसलेल्याला तो जोरात होतो. मच्छरदाणी बाराही महिने. कुत्रा चावला तर रेबीजचं इंजेक्शन झालं म्हणजे झालं असं नाही, अँटिबायोटिकही लागतं.

म्हणून सांगतो, काढायची वेळ आली तर काढा, पण आधी नाव कळू द्या.

बांगडा_फ्राय
वाचतोय. उपयुक्त धागा. खाडीकाठ काका, दंडवत.

तारली
हिपॅटायटिस सी तपासलंय का?? माझ्या मामांना याच जातीचा लिम्फोमा निघाला आणि सोबत हिप-सी पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी लिम्फोमाचं काहीच दिलं नाही आधी, फक्त हिप-सीच्या गोळ्या, सोफोस्बुविर-वेल्पाटास्विर, १२ आठवडे. विषाणू गेला आणि पुढच्या काही महिन्यांत पानथरी उतरत गेली. मला थापच वाटलेली ती, पण डॉक्टर म्हणाले हे जुनंच आहे, २००२ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी असे ९ पेशंट नुसत्या इंटरफेरॉनवर (हिप-सीचं तेव्हाचं औषध) ठेवले होते, ज्या ७ जणांचा विषाणू गेला त्यांचा लिम्फोमाही ओसरला. आणि ज्यांना हिप-सी नव्हता त्यांना इंटरफेरॉनने काही झालं नाही. म्हणजे विषाणूच त्या पेशींना खतपाणी घालत असतो.

जांभळी_टोपी
तारली, +१. अगदी मुद्द्याचं. हिप-सी, हिप-बी आणि एचआयव्ही तिन्ही हव्यातच. हिप-बी मध्ये फक्त एचबीएसएजी (आत्ता संसर्ग आहे का ते सांगणारी) करून थांबू नका, अँटी-एचबीसी टोटल पण मागा. का ते गरज पडली तर सांगेन.

सुरंगी
सगळ्यांचे आभार. रातांबा काकांच्या रसावरून घरात भांडण झालं, आईंनी आधीच आणून ठेवला होता :) तो बंद केलाय.

स्मिअर झाला. रिपोर्टमध्ये लिहिलंय लिम्फोसाइटच्या कडेला केसासारखे बारीक तंतू आहेत, एका टोकाला जास्त, आणि फ्लो सायटोमेट्री करा म्हणून सुचवलंय. केसांवरून गुगल केलं तर हेअरी सेल ल्युकेमिया येतंय. हे काय आता नवीन? आणि ती शेजारची गाठ?

जांभळी_टोपी
घाबरू नका, मी थोडं सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

केसाळ दिसणाऱ्या पेशी मुख्यतः दोन ठिकाणी भेटतात. एक तुम्ही गुगलवर बघितलेला हेअरी सेल, त्यात तंतू पेशीभोवती सगळीकडून असतात, पांढऱ्या पेशी बहुतेक वेळा कमी झालेल्या असतात आणि मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तर जवळपास दिसतच नाहीत. दुसरा खाडीकाठांचा प्रकार, मार्जिनल झोन, त्यात तंतू एकदोन टोकांना आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या. आबांचं चित्र दुसऱ्याकडे झुकतंय, पण डोळ्यांवर निदान होत नाही, कारण उपचार पूर्ण वेगळे आहेत. हेअरी सेलला क्लॅड्रिबिन नावाचं औषध थोडे दिवस देतात आणि बहुतेकांना वर्षानुवर्षं पुन्हा काही लागत नाही. मार्जिनल झोनला ते पहिलं औषध नाही.

फरक फ्लो सायटोमेट्रीत कळतो. पेशीच्या पृष्ठभागावर कुठल्या खुणा आहेत ते त्यात बघतात, सीडी अमुक सीडी तमुक अशा. सीडी २० असेल तर ती बी पेशी (लिम्फोसाइटचा एक प्रकार). पुढची नावं या बी पेशींच्या वेगवेगळ्या कॅन्सरची. सीडी ५ आणि २३ दोन्ही असतील तर सीएलएलचा विचार, सीडी ५ आहे पण २३ नाही तर मँटल सेल, सीडी १० असेल तर फॉलिक्युलर, सीडी १०३ आणि २५ असतील तर हेअरी सेल. यातलं काहीच नाही आणि फक्त सीडी २० ठळक, तर मार्जिनल झोनची शक्यता वाढते. हेअरी सेलची शंका राहिलीच तर ब्राफ जनुकातला व्ही ६०० ई बदल तपासतात, तो बहुतेक हेअरी सेलमध्ये सापडतो.

प्रॅक्टिकल गोष्ट: हे सॅम्पल जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये जातं (म्हणून माझा आयडी) आणि पेशी जिवंत असतानाच तपासावं लागतं, शक्यतो २४ तासांत, फार तर ४८. आपल्या भागातून ते मुंबईला कुरियरने जातं. शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी देऊ नका, रविवारभर कुठल्यातरी ऑफिसात पडून राहतं आणि मग "पेशी अपुऱ्या" असा रिपोर्ट येतो, पैसे वाया. सोमवारी सकाळी द्या.

नंतर बोन मॅरो. गावात समज आहे की मणक्यातून पाणी काढतात आणि माणूस लुळा होतो. तसं काही नाही, कमरेच्या मागच्या हाडातून भूल देऊन घेतात. पातळ मॅरो आणि हाडाचा बारीक तुकडा दोन्ही घ्यायला सांगा, तुकडा महत्त्वाचा, कारण या लिम्फोमाच्या पेशी मॅरोतल्या रक्ताच्या बारीक पोकळ्यांमध्ये ओळीने बसलेल्या दिसतात, ते तुकड्यातच कळतं. सोबत एलडीएच (पेशी भराभर वाढत-तुटत असतील तर रक्तात वाढतं), कूम्ब्स टेस्ट (शरीर स्वतःच्याच लाल पेशी फोडतंय का ते कळतं, या आजारात होतं कधीकधी) आणि प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघतात).

शेजारची गोल गाठ म्हणाल तर दहातल्या एकाला जन्मतःच एक छोटी जादा प्लीहा असते, मुख्य प्लीहेच्या तोंडाशीच, गोल आणि गुळगुळीत. मोठी वाढते तेव्हा तीही वाढते. सोनोग्राफीत लिम्फ नोड म्हणून हमखास फसवते. सीटी स्कॅनमध्ये ती मोठीच्याच रंगाची उजळते का ते बघतात.

वेंगुर्ला_पश्चिम
गाठीवरून आठवलं. माझ्या मावशीला प्लीहेजवळ खऱ्याच गाठी होत्या, ताप आणि रात्री घामाने गादी भिजायची. एका ठिकाणी बारीक सुईने थोड्या पेशी ओढून बघितल्या (एफएनएसी), नक्की काही कळलं नाही, तर टीबीच असेल म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू. त्यात कोणीतरी स्टेरॉइड दिलं, ताप पळाला, सगळे खूश. महिनाभराने दुप्पट वेगाने परत. शेवटी मुंबईत कोअर बायोप्सी (जाड सुईने तुकडा काढून) झाली तेव्हा डिफ्यूज लार्ज बी सेल निघाला, हा भराभर वाढणारा. आर-चॉप (रिटुक्सिमॅब आणि केमो एकत्र) झालं, दर २१ दिवसांनी एक असे सहा. केस गेले, तोंड आलं, पण शेवटच्या पेट स्कॅनला सगळं साफ. चौथं वर्ष चालू आहे.

सांगायचा मुद्दा, लिम्फोमाची शंका असेल तर एफएनएसीवर विसंबू नका, आणि तपासणीचा तुकडा निघायच्या आधी स्टेरॉइड देऊ देऊ नका. स्टेरॉइडने या पेशी तात्पुरत्या विरघळतात आणि बायोप्सीत मग काहीच धड दिसत नाही.

बांगडा_फ्राय
मग दोन्ही लिम्फोमाच ना? एकाला काही औषध नाही आणि एकाला सहा केमो?

जांभळी_टोपी
हो. लिम्फोमा हे आडनाव समजा, घराणं मोठं आहे आणि स्वभाव वेगवेगळे. सावकाश प्रकारात काही त्रास नसेल, रक्ताचे आकडे बरे असतील तर नुसतं लक्ष ठेवतात, आधी औषध देऊन आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. लोकांना हे पचत नाही, कॅन्सर आहे आणि डॉक्टर घरी जा म्हणतात! पण दहात एखाद्याचा सावकाश लिम्फोमा पुढे भराभर वाढणाऱ्यात बदलू शकतो, म्हणून फॉलोअप. एकदम ताप, वजन उतरणं, एलडीएच उडी मारणं, पेट स्कॅनवर एखादी जागा खूप पेटलेली दिसणं, ह्या त्याच्या खुणा.

सुरंगी
उशीर झाला, माफ करा. घरात गणपती, पाहुणे, त्यात हे. मॅरो आणि फ्लो चतुर्थीच्या आधीच उरकलं, डॉक्टरांनी सांगितलं रिपोर्ट यायला वेळ लागतो तोवर गणपती करा, फक्त आरतीत गर्दीत धक्के लागू देऊ नका. आबा खुर्चीत बसून होते, पण पखवाज दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

रिपोर्ट: सीडी २० पॉझिटिव्ह, सीडी ५, १०, २३, १०३ सगळे निगेटिव्ह. मॅरोत तशाच ओळीने बसलेल्या पेशी. निदान स्प्लेनिक मार्जिनल झोन लिम्फोमा. सीटीत ती गाठ जादा प्लीहाच निघाली. हिप-सी निगेटिव्ह. एचबीएसएजी निगेटिव्ह पण अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह. हेमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारांचे डॉक्टर) म्हणाले प्लीहा काढायची गरज नाही, पण हिमोग्लोबिन, प्लेटलेट कमी आणि जेवण जात नाही म्हणून नुसतं थांबताही येणार नाही, रिटुक्सिमॅब द्यायचं, आठवड्याला एक असं चार. आणि त्या आधी एन्टेकाविर नावाची गोळी सुरू केलीय. ती कशाला, कावीळ तर कधी झालेली आठवत नाही आबांना.

जांभळी_टोपी
तेच "गरज पडली तर सांगेन" म्हटलेलं. अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह म्हणजे कधीकाळी हिप-बी होऊन गेला, बहुतेकांना कळतही नाही. शरीराने तो दाबून ठेवलाय पण विषाणू लिव्हरमध्ये झोपलेला असतो. रिटुक्सिमॅब नेमकं बी पेशींना संपवतं, पहारा उठतो आणि तो जागा होतो, त्यात लिव्हर निकामी होऊन माणसं गेलेली आहेत. एन्टेकाविर रिकाम्या पोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाच्या दोन तास आधी, आणि रिटुक्सिमॅब संपल्यावरही वर्षभर तरी चालते. आजार बरा वाटला म्हणून स्वतःहून बंद करायची नाही हे आबांच्या डोक्यात पक्कं बसवा.

लशी राहिल्या असतील तर इंजेक्शनच्या आधी विचारा, नंतर सहा महिने तरी लस नीट लागू पडत नाही.

खाडीकाठ
२००९ ला मलाही रिटुक्सिमॅबचा पर्याय सांगितला होता, भारतीय कंपनीचं २००७ पासून मिळायला लागलेलं, तरी किंमत ऐकून गप्प बसलो. आता बऱ्याच कंपन्यांचं मिळतं. आबांचं विना ऑपरेशन होतंय, छान.

वेंगुर्ला_पश्चिम
खर्चाचं: रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत आहे, मान्यताप्राप्त हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, त्याला हे औषध कुठल्या पॅकेजात बसतं ते आधी विचारा. मुंबईला टाटाला दुसरं मत घ्यायचं झालं तर नुसते रिपोर्ट नेऊ नका, मॅरोची स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक लॅबकडून मागून घ्या, तिकडे ते स्वतः परत बघतात. राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. ट्रेनला कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री टिअरमध्ये पूर्ण भाडं माफ, सोबतच्याला ७५ टक्के, हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. चिपळूणकडच्यांना डेरवणचं वालावलकर हॉस्पिटलही आहे, कुडाळहून मात्र ते उलट लांब.

बांगडा_फ्राय
ती कार टी सेल का काय, आयआयटी मुंबई आणि टाटाने बनवली ती? पेपरात वाचलेलं.

जांभळी_टोपी
नेक्सकार१९, २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. पेशंटच्याच टी पेशी काढून, बदलून कॅन्सरवर सोडतात. ती नेहमीचे उपचार हरल्यावरची गोष्ट आहे. आबांना आज तिचा विचारही करायचं कारण नाही.

सुरंगी
पहिलं इंजेक्शन पुढच्या बुधवारी. नवरा तुतारी एक्स्प्रेसने येतोय. त्या दिवशी काय काय होतं कोणी सांगेल का? आबा विचारतात डबा नेऊ का :)

तारली
डबा न्या, दिवस जातो. पहिली बाटली मुद्दाम हळू सोडतात, पाचसहा तास. आधी एव्हिल (ॲलर्जीचं औषध), पॅरासिटामॉल देतात, त्याने झोप येते. थंडी, थरथर, अंग खाजणं, घसा धरल्यासारखं काहीही झालं तर लगेच सिस्टरना हाक मारायची, बाटली थोडी थांबवतात आणि परत हळू सुरू करतात. रक्तात अशा पेशी जास्त असतील तर पहिल्या वेळी हे होण्याची शक्यता जास्त. दुसऱ्यापासून सोपं जातं. मामांच्या ओळखीतल्या एकांचं पोट तिसऱ्या इंजेक्शनपर्यंत मोकळं वाटायला लागलेलं, सगळ्यांना इतकं लवकर होईल असं नाही.

जांभळी_टोपी
आबा बीपीची गोळी घेतात का? इंजेक्शन चालू असताना बीपी खाली जाऊ शकतं, म्हणून काही डॉक्टर त्या सकाळची गोळी थांबवतात. स्वतःच्या मनाने नको, मंगळवारीच फोन करून विचारा.

सुरंगी
घेतात, सकाळी एक. आत्ताच फोन लावते.